वादळानंतरची साफसफाई

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सकाळी तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे काका, मुक्काम देगलूर, जिल्हा नांदेड. एरवी तात्यांचे फोन तीनच विषयांवर असतात: पाऊस, सोयाबीनचा भाव आणि "गावाकडं कधी येऊलालास?" या वेळी चौथा विषय निघाला. आदल्या संध्याकाळी वादळ झालं आणि ओढ्याकाठचा आमचा जुना लिंब मुळासकट आडवा झाला. सकाळी चहा व्हायच्या आत लाकूडवाला दारात हजर!

"काय करू? देऊन टाकू का?" तात्या म्हणाले. मला विचारायचं कारण एवढंच की त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. नाहीतर झाडाबिडातलं मला काय कळतं, हे तात्यांना चांगलं ठाऊक आहे.

मी म्हटलं, "दोन दिवस थांबा, सांगतो."

तात्या गप्प. मग म्हणाले, "पडलेल्या झाडाचा काय विचार करायचाय रे?"

प्रश्न बरोबर होता. पण विचार करण्यासारखं होतं, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

आधी थोडं मागे जातो. २०१४च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमधे महाराष्ट्रभर गारपीट झाली, ती मराठवाड्यातलं कोणी विसरलेलं नाही. हरभरा, गहू, ज्वारी, सगळं हातातोंडाशी आलेलं आडवं झालं. आमच्या बांधावरची चिंचही त्याच वाऱ्यात गेली. मी तेव्हा सुट्टी टाकून गावी गेलो होतो. आठवड्याभरात आम्ही सगळं साफ केलं. खोड विकलं, फांद्या जळणाला आणल्या, पाचोळा गोळा करून पेटवला आणि बुंधा जेसीबी लावून उपटून काढला. शेत कसं चकाचक! मला अभिमान वाटला होता.

त्या चिंचेखाली लहानपणी आमचा सगळा कारभार चालायचा. पालापाचोळा उकरला की वाणी (तोच तो, हात लावला की चकलीसारखा गोल होणारा), गोम, काळे चकचकीत भुंगेरे, मुंगळ्यांच्या रांगा आणि क्वचित एखादा विंचू. पुढच्या वर्षी मी त्याच जागी उभा राहिलो तर पायाखाली तापलेली, भेगाळलेली काळी माती. उकरलं तरी काही हललं नाही. आता एका माणसाने एका दुपारी एका जागी उकरून पाहणं हा काही पुरावा होत नाही, हे मलाही कळतं. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. वादळात झाड पडतं ते दिसतं, त्याची बातमी होते, पंचनामा होतो. झाडाखाली जे राहत होते त्यांचं काय होतं? आणि त्यांचं जे होतं ते वादळ करतं की आपण?

देगलूरला धड डोंगर नाही आणि जंगलही नाही. बालाघाटाच्या रांगा आमच्याकडे येईपर्यंत थकून जातात. आमचं जंगल म्हणजे बांधावरची झाडं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर शोधायला डोंगरातल्या खऱ्या जंगलांकडे जावं लागलं. बरेच वीकांत त्यात गेले, आणि सापडलं ते मला एखाद्या रहस्यकथेइतकं रंगतदार वाटलं.

सुरुवात मोजण्यापासून. जमिनीवरच्या संधिपाद प्राण्यांची (म्हणजे किडे, कोळी, गोमी, वाणी, विंचू, माइट्स अशा सांधे असलेल्या पायांच्या सगळ्या मंडळींची) शिरगणती करायची कशी? ते काही हात वर करून हजेरी देत नाहीत. १९३१ साली हर्बर्ट बार्बर नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने गुहांमधले किडे पकडायच्या सापळ्याबद्दल लिहिलं. सापळा कसला, जमिनीत काठोकाठ पुरलेलं भांडं. चालता चालता किडा आत पडतो, बाहेर येता येत नाही. इतकं सोपं! आजही जगभर हाच सापळा वापरतात आणि अनेक देशांत त्याला बार्बरचंच नाव आहे.

यात एक गोम आहे (कोटी नाही :-)). हा सापळा किती जीव आहेत ते मोजत नाही, किती जीव तिथून गेले ते मोजतो. आपल्या भाषेत सांगायचं तर युजर मोजत नाही, ट्रॅफिक मोजतो. जो जास्त पळतो तो जास्त सापडतो. मोकळ्या जमिनीवर पळणं सोपं, म्हणून तिथले आकडे फुगू शकतात. पुढच्या सगळ्या गोष्टी वाचताना हे लक्षात ठेवायचं.

दुसरं साधन मला जास्त आवडलं. १९०५ साली इटलीच्या अंतोनियो बर्लेसेने एक नरसाळं बनवलं. त्यात पाचोळा ठेवायचा आणि ऊब द्यायची. पुढे १९१८मधे स्वीडनच्या अल्बर्ट टुल्ग्रेनने त्यावर विजेचा दिवा टांगला. वरून पाचोळा वाळत जातो, तसे आतले जीव ओलाव्याच्या शोधात खाली खाली सरकतात आणि शेवटी नरसाळ्यातून खालच्या बाटलीत पडतात. ही मंडळी अंधारात आणि ओलाव्यात राहणारी. वाळायला लागलं की पळायचं, एवढंच त्यांना माहीत. वाण्याच्या किंवा गोमीच्या अंगावर पाणी धरून ठेवणारं मेणचट आवरण किड्यांइतकं पक्कं नसतं, त्यामुळे सुकणं म्हणजे त्यांच्यासाठी थेट मरण.

बर्लेसेचं नरसाळं डोक्यात ठेवा. ते परत येणार आहे.

आता १९८३. जर्मनी, झेक सीमेजवळचा डोंगराळ भाग, बव्हेरियन फॉरेस्ट. १९७० साली स्थापन झालेलं हे जर्मनीतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १ ऑगस्ट १९८३ला तिथे मोठं वादळ झालं आणि स्प्रूसची झाडं पट्टेच्या पट्टे आडवी झाली. जर्मन वनखात्याची शिस्त काय वर्णावी! पडलेलं झाड उचलायचं, हा तिथला धर्म. त्याला कारणही होतं. पडलेल्या स्प्रूसच्या सालीत एक भुंगेरा वाढतो, तिथे त्याची संख्या वाढली की तो उभ्या झाडांवर जातो आणि जंगलच्या जंगल वाळवतो. शिवाय लाकूड म्हणजे पैसा.

पण बव्हेरियाचे तेव्हाचे शेती आणि वनमंत्री हान्स आयझेनमान यांनी ठरवलं की उद्यानातली बरीचशी पडलेली झाडं तशीच राहू द्यायची. उद्यानाचे प्रमुख हान्स बिबेलरीटर स्वतः शिकलेले वनाधिकारी, तेही त्याच मताचे. पुढच्या पिढ्यांना माणसाचा हात न लागलेलं जंगल बघायला मिळावं, असा मंत्र्यांचा मुद्दा होता. मंत्री आणि अधिकारी यांनी मिळून "काहीही करायचं नाही" असा निर्णय घेतला, आणि तोही विचारपूर्वक! आपल्याला काही न करणारे मंत्री नवीन नाहीत, पण हे वेगळं.

त्याची किंमतही पडली. पुढच्या वर्षांत सालीतला भुंगेरा खरंच वाढला आणि १९९०च्या दशकात हजारो हेक्टरवरचा जुना स्प्रूस उभ्याउभ्या वाळला. आसपासच्या गावांतले लोक खवळले. त्यांच्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्यांचं जंगल होतं आणि डोळ्यांदेखत करडं पडत होतं. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण माझ्या शेजारच्या डोंगराचं असं झालं असतं तर मीही मोर्चात गेलो असतो. नंतर त्या पडलेल्या-वाळलेल्या खोडांमधून नवीन रोपं आपोआप उठली, आणि मेलेल्या लाकडावर जगणारे अनेक दुर्मिळ भुंगेरे तिथे वाढले. पण हे कळायला वीसपंचवीस वर्षं थांबावं लागलं.

बव्हेरियाने मोठी हिंमत दाखवली, पण तिथे तुलना नीट मांडलेली नव्हती. ते काम स्वित्झर्लंडने केलं. २५ ते २८ फेब्रुवारी १९९० या दिवसांत 'व्हिव्हियन' नावाच्या वादळाने तिथे सुमारे ५० लाख घनमीटर लाकूड पाडलं, आणि तेही मुख्यतः आल्प्सच्या उतारांवर. तिथल्या जंगल, बर्फ आणि भूप्रदेश संशोधन संस्थेने (डब्ल्यूएसएल) काही ठिकाणी पडलेल्या जंगलाचे भाग पाडले. एक भाग साफ केला, एक तसाच ठेवला, आणि शेजारचं उभं जंगल तुलनेला धरलं. ग्लारुस प्रांतातलं श्वांडेन हे त्यातलं एक गाव. मग बिआट व्हेरमेलिंगर, पीटर ड्युएली, मार्टिन ओब्रिस्ट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सापळे लावत आणि मोजत राहिले. मधे २६ डिसेंबर १९९९ला 'लोथार' आलं, त्याने जवळजवळ १ कोटी ३० लाख घनमीटर लाकूड पाडलं. मग ती ठिकाणंही अभ्यासात आली.

निकाल काय लागला असेल? माझा अंदाज होता की वादळाने सगळे मरतात आणि हळूहळू परततात. चूक! झाडं पडलेल्या भागात उभ्या जंगलापेक्षा जास्त जाती सापडल्या. ऊन आलं, त्याबरोबर गवत आलं, फुलं आली, आणि त्यांच्यामागून मधमाश्या, फुलमाश्या, नाकतोडे, उन्हात पळणारे कोळी. आणखी एक धक्का म्हणजे साफ केलेल्या आणि न केलेल्या भागांत जातींची एकूण संख्या साधारण सारखीच निघाली.

मग झालं की! साफ करा नाहीतर करू नका, फरक काय? इथेच आपल्यासारख्यांनी सावध व्हायचं. तुमच्या अ‍ॅपचे एकूण युजर वाढले म्हणून मॅनेजर पेढे वाटतो, आणि महिन्याभराने कळतं की जुने सगळे सोडून गेले आणि नवे फुकट ऑफरवाले आले. आकडा तोच, माणसं वेगळी. श्वांडेनलाही संख्या सारखी होती, पण जाती वेगवेगळ्या होत्या. साफ केलेल्या भागात उन्हाळे, उडते, मोकळ्यावर राहणारे. न केलेल्या भागात मेलेल्या लाकडावर जगणारे आणि सावली धरून असणारे. म्हणून स्विस संशोधकांचा सल्ला असा की एका वादळात पडलेलं सगळं साफही करू नका आणि सगळं सोडूही नका. थोडं असं, थोडं तसं ठेवा, म्हणजे दोघांची सोय होईल.

यात नुकसान कोणाचं होतं? जमिनीवर पळणाऱ्या भुंगेऱ्यांच्या ज्या जाती जुन्या, दाट जंगलात राहतात त्यांतल्या कित्येकांना उडता येत नाही. हजारो वर्षं एकसारखी सावली मिळाली, उडायची गरजच पडली नाही, पंख कामातून गेले. मोकळ्यावरच्या जाती मात्र बहुधा लहान आणि पंखवाल्या. छत उडालं की पंखवाले दहा मैलांवरूनही येतात. बिनपंखवाला मात्र जिथे आहे तिथेच अडकतो, शेजारच्या जंगलापर्यंतही त्याला पायीच जावं लागतं.

पण अजून एक गुंता सुटत नव्हता. वादळ एकाच वेळी दोन गोष्टी करतं. वरचं छत उघडतं आणि खाली फांद्यापानांचा ढीग घालतं. जमिनीवरच्यांना त्रास कशाचा होतो, ऊन आल्याचा की मलबा पडल्याचा? दोन बदल एकाच रिलीजमधे गेले आणि सर्व्हर झोपला, तर दोष कुठल्या बदलाचा हे कसं सांगणार? एकेक बदल वेगळा करून बघावा लागतो.

नेमकं हेच केलं गेलं, आणि तेही उष्णकटिबंधातल्या डोंगरी जंगलात. पोर्टो रिको बेटावर लुकिलो नावाचे डोंगर आहेत, उंची हजार मीटरच्या आसपास, पाऊस भरपूर. आपल्या सह्याद्रीची आठवण व्हावी असे. १८ सप्टेंबर १९८९ला ह्युगो चक्रीवादळाने तिथलं जंगल ओरबाडून काढलं. त्यानंतरच्या अभ्यासांतून हाच प्रश्न पुढे आला. मग २००४-०५मधे तिथल्या संशोधकांनी वादळाची वाट न बघता स्वतःच वादळ केलं! जंगलात चौकोन आखले आणि माणसं चढवून झाडांच्या फांद्या छाटल्या. काही चौकोनांत छत उघडलं आणि मलबा तिथेच टाकला, म्हणजे खरं वादळ. काहींत छत उघडलं पण मलबा उचलून नेला. तो उचललेला मलबा दुसऱ्या चौकोनांत नेऊन टाकला, जिथे छत शाबूत होतं. आणि काही चौकोनांना हातच लावला नाही. दोन बदल, चार जोड्या. कॉलेजात शिकलेलं सत्यता-कोष्टक जंगलात उभं केलेलं बघून मी खुर्चीतच टाळी वाजवली.

पाचोळ्यातल्या जिवांची मोजणी बार्बरा आणि मायकेल रिचर्डसन यांच्या गटाने केली, ती २०१०मधे प्रसिद्ध झाली. उत्तर स्वच्छ होतं. मोठा फटका मलब्याचा नाही, उघड्या छताचा. ऊन आलं, पाचोळा वाळला, पाचोळ्यातली बुरशी घटली, त्या बुरशीवर आणि ओलाव्यावर जगणारे जीव कमी झाले, आणि पाचोळा कुजण्याचा वेगही मंदावला. म्हणजे जंगलाचं खत बनवणारा कारखानाच धीमा झाला.

आता ते बर्लेसेचं नरसाळं आठवा. वादळ उभ्या जंगलावर तोच दिवा टांगतं. पाचोळा वरून वाळत येतो आणि आतले जीव खाली आणि बाजूला ओलावा शोधत निघतात. नरसाळ्याखाली बाटली असते. जंगलात काय असतं? पडलेलं खोड असतं! जाड ओंडक्याखालची माती भर उन्हातही ओली राहते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी दगड-लाकडं उलटताना बघितलंय. छत परत यायला दहावीस वर्षं लागणार, तोवर थांबायला या मंडळींना एवढीच जागा.

आणि आपण पहिल्या आठवड्यात येऊन नेमकी तीच उचलतो.

इंग्रजीत ओंडक्याला लॉग म्हणतात आणि आपल्या सर्व्हरच्या नोंदवहीलाही लॉगच. प्रॉडक्शन कोसळल्यावर सगळ्यात आधी लॉग पुसून डिस्क रिकामी करणारा एक महाभाग माझ्या टीममधे होता. सर्व्हर चालू झाला, पण नीट सावरायला लागणारी सगळी माहिती गेली. २०१४मधे बांधावर मी दुसरं काय केलं होतं?

स्लोव्हाकियातल्या टाट्रा डोंगरांनी या गोष्टीला पुरवणी जोडली. १९ नोव्हेंबर २००४च्या एका दुपार-संध्याकाळच्या वाऱ्याने तिथे १२,००० हेक्टरांहून जास्त जंगल झोपवलं. बहुतेक लाकूड उचललं गेलं, काही भाग राखीव म्हणून तसाच राहिला, आणि २००५च्या जुलैमधे एका भागाला आगही लागली. म्हणजे उभं, पडलेलं, साफ केलेलं आणि जळलेलं असे चार प्रकार शेजारीशेजारी आपोआप मिळाले. झ्बिशेक शुस्तेक यांनी तिथल्या भुंगेऱ्यांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. खोडं जिथे पडून होती तिथे जुन्या जंगलातल्या जाती बऱ्याच तग धरून राहिल्या. साफ केलेल्या आणि जळलेल्या भागांत घडी जास्त विस्कटली.

२०२०मधे सायमन थोर्न आणि जगभरातल्या सहकाऱ्यांनी वादळ, आग, कीड अशा आपत्तींनंतरच्या अभ्यासांची बेरीज मांडली. आपत्तीत सापडलेल्या जंगलाचा साधारण ७५ टक्के भाग तसाच सोडला तर तिथल्या खास जातींपैकी सुमारे ९० टक्के टिकतात. निम्मा सोडला तर सुमारे ७३ टक्के. निम्म्यावर समाधान मानलं तरी बरंच हाती लागतं, हा मला यातला दिलासा वाटला.

आता घरी परत येऊ. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा गेल्या, पिढ्यांची मेहनत एका दुपारी झोपली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात म्हसळ्याच्या बाजूला एका मित्राच्या गावी गेलो होतो. वाडीतली पोफळ उचलून नवीन लावणं सुरू होतं. ते करायलाच हवं होतं, तिथे कोणी किड्यांचा विचार करत बसावं अशी अपेक्षा ठेवणं क्रूरपणा झाला असता. पण गावाच्या वरच्या अंगाला देवराई होती. तिथेही दोन मोठी झाडं आडवी पडली होती. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

मित्राच्या आजोबांना कारण विचारलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी देवळात चपला घालून आलोय. म्हणाले, "देवीचं आहे ते. उभं असताना तिचं, पडल्यावर आमचं कसं होईल?"

मी एका खोडाच्या कडेला हळूच पाचोळा बाजूला केला. वाणी, पांढुरके उड्या मारणारे बारीक जीव, एक घोण, आणि ओल्या मातीचा तो वास. मे महिन्यातल्या उन्हातही तिथे एवढी वर्दळ असेल का, असा विचार आला. वर बघितलं तर छताला मोठं भगदाड होतं आणि ऊन सरळ खाली येत होतं. पण खोडाच्या कुशीत सावली होती.

वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला. काळकाई, वाघजाई, भैरोबा अशा दैवतांच्या नावाने राखलेल्या या जंगलांचे नियम गावागणिक वेगळे. कुठे वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, कुठे पडलेलं झाड देवळाच्या कामापुरतं कौल लावून घ्यायचं. आयझेनमानसाहेबांनी १९८३मधे जो निर्णय मोठ्या हिंमतीने घेतला, तो आमच्याकडे गावोगाव आधीपासून लागू होता. फक्त त्यामागे मंत्री नव्हता, देवी होती. मी श्रद्धाळू माणूस नाही. पण एका शिकलेल्या सरकारला वीसपंचवीस वर्षांनी पटावं असं काहीतरी ज्या नियमात आहे, त्याला नुसतं अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. आणि आता देवळाला सिमेंटचा सभामंडप बांधायचा म्हणून देवराई तुटते तेव्हा उभी झाडं तरी मोजली जातात. खालचे कोणी मोजत नाही.

असो. तर सोमवारी रात्री तात्यांना फोन केला. देवी, जर्मनी, नरसाळं, सगळं सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बांधावर इंचू-काट्याचं घर करून ठिवायचं म्हणतोस?"

प्रश्नात दम होता. तात्या रोज पहाटे त्या वाटेने मोटार चालू करायला जातात, मी जात नाही. वाण्याने सोयाबीनची कोवळी रोपं खाल्ली तर नुकसान त्यांचं. शिवाय लिंबाचे पैसे आले असते तर बियाण्याचा खर्च निघाला असता. पुण्यात बसून दुसऱ्याच्या शेतात जैवविविधता वाढवणं फार स्वस्त असतं.

मग आम्ही स्विस तोडगा काढला. (तात्यांना हे नाव माहीत नाही.) खोडाचा सरळसोट भाग लाकूडवाल्याला दिला. मुळं, बुंधा आणि वेड्यावाकड्या दोन जाड फांद्या वाटेपासून लांब, ओढ्याच्या कडेला ढकलून ठेवल्या. पाचोळा पेटवला नाही. पैसे थोडे कमी आले, तेवढे मी देतो म्हटलं तर तात्या रागावले.

मृग निघाला तेव्हा दोन दिवस गावी जाऊन आलो. पहिला पाऊस होऊन गेला होता. जमिनीतून मिरगाचे किडे वर आले होते, लाल मखमलीचे ठिपके जिकडेतिकडे. आमची चिऊ, चुलतभावाची मुलगी, त्यांच्यामागे धावत होती. मी ओढ्याकडे गेलो आणि फांदीची सुटलेली साल जरा उचलून बघितली. दोन वाणी, मुंगळ्यांची एक रांग आणि पटकन आत पळालेलं काहीतरी काळं. फार काही नव्हतं. एकाच महिन्यात फार काही असणारही नव्हतं.

मागून तात्यांचा आवाज आला, "काय शोधूलालास रे?"

"काही नाही, बघतोय कोण कोण राहायला आलंय."

तात्या जवळ आले, वाकून बघितलं, आणि साल परत होती तशी लावली. म्हणाले, "सारखं उघडून बघू नको मग. ऱ्हाऊ दे त्यांना."